बचत गट : व्याज कुठे जाते?

दहा ते वीस जणांनी दरमहा ठरावीक रक्कम साठवायची आणि त्यातूनच एकमेकांना कर्ज द्यायचे, हा बचत गट. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात महिलांचे गट बांधण्याचे काम १९७५ साली स्थापन झालेले ‘माविम’ करते.

गावात शेळी, खांदेश्वर-पनवेलकडे भाजीची पाटी. भांडवल थोडेच लागते, पण तेवढ्यासाठी सावकार गाठावा लागतो. बारा जणींनी महिना १०० रुपये टाकले तर वर्षात १४,४०० जमतात. त्यातले ६,००० एकीने महिना दोन टक्क्यांनी, दहा हप्त्यांत घेतले, तर उरलेल्या मुदलावर व्याज ६६० रुपये होते. मूळ रकमेवरच आकारत राहिले तर १,२००. दर तोच! म्हणून आकारणीची पद्धत पहिल्याच बैठकीत वहीत लिहावी.

मायक्रोफायनान्स कंपनीचा ‘गट’ वेगळा. तिथे महिला एकमेकींना जामीन राहतात, व्याज मात्र कंपनीकडे जाते. बचत गटातले व्याज गटातच राहते.

तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ‘अनण सुख’, म्हणजे कर्ज नसण्याचे सुख, आहे. तेव्हा शेळीसाठीचे आणि लग्नातल्या मांडवासाठीचे कर्ज गटाने एकाच मापाने तोलू नये. शिकलेल्या तरुणांनी दरमहा वही तपासून द्यावी. पैसे मात्र महिलांच्याच हाती राहू द्यावेत.