नव्हाहो रजतालंकार व त्यांचा संग्रह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील, विशेषतः ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांतील, नव्हाहो जमातीचे चांदीचे व पेरोजजडित दागिने. पेरोज हे निळसर हिरवे रत्न या प्रदेशात प्राचीन काळापासून वापरात आहे. चांदीकाम मात्र एकोणिसाव्या शतकातील होय. पहिला नव्हाहो रौप्यकार मानला जाणारा अत्सिदी सानी हा एका मेक्सिकन कारागिराकडून लोहारकाम शिकला. बॉस्क रेडोंडो येथील सक्तीच्या स्थानबद्धतेतून (१८६४–६८) नव्हाहो मायदेशी परतल्यावर चांदीकामाचा प्रसार झाला. १८७२ च्या सुमारास ते झून्यी व १८९८ च्या सुमारास होपी जमातीत रुजले.

आरंभीचे दागिने चांदीची नाणी आटवून वा ठोकून घडवीत. चकत्यांचा कंबरपट्टा, धनुर्धराचा मनगटपट्टा आणि फुलाच्या आकाराच्या मण्यांचा हार हे त्यांतील प्रमुख प्रकार. हाराच्या मध्यभागी असलेली चंद्रकोर स्पॅनिश घोडेस्वारांच्या लगामावरून आली. नव्हाहो कामात जाड चांदीला, तर झून्यी कामात बारीक खड्यांच्या जडावाला प्राधान्य असते.

रोकड दुर्मिळ असलेल्या या समाजात दागिने हीच शिल्लक होती. कुटुंबे ते व्यापाऱ्याकडे गहाण ठेवून धान्य व कापड उचलीत आणि लोकर वा कोकरे विकून सोडवीत. समारंभासाठी ते तात्पुरते परतही मिळत. मुदतीत न सुटलेले दागिने विक्रीस निघत. संग्राहकांनी ‘जुने गहाण’ म्हणून नावाजलेल्या वस्तूंचा उगम असा अनेकदा एखाद्या कुटुंबाच्या अडचणीत आहे. पुढे हे नाव विक्रीची खूण बनले व नव्या मालालाही लावले जाऊ लागले.

१८९९ पासून फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेप्रवाशांसाठी हलके दागिने करवून घेतले. त्यानंतर यंत्रनिर्मित नकलाही वाढल्या. त्यांना आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये इंडियन कला व हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले. १९९० च्या कायद्याने इंडियनेतर माल इंडियन म्हणून विकण्याबद्दलची शिक्षा अधिक कडक झाली. जुन्या दागिन्यांवर कारागिराची मुद्रा सहसा नसते. त्यामुळे चांदीचे वजन, हाती कोरलेल्या ठशांच्या खुणा, खड्याचे कोंदण व वापराची झीज यांवरून काळ ठरवावा लागतो. तथापि दागिना कोणाकडून व कसा आला याची नोंद हाच सर्वांत भरवशाचा पुरावा होय. ती हरवल्यास वस्तू उरते, पण तिच्या मूळ धन्याचा इतिहास नाहीसा होतो.