सांत्वनाची पारख



महोत्सवाच्या दिवशीं अंतःकरण भरून येणें स्वाभाविक आहे. परंतु भरून आलेलें प्रत्येक अंतःकरण देवाच्या सांत्वनानेंच भरलेलें असतें काय? ही पारख संतांनीं कशी केली, तें पाहूं.

इ. स. १५२१ मध्यें पांपलोनाच्या लढाईंत जखमी झालेले संत इग्नेशियस अंथरुणास खिळले होते. दरबारी पराक्रमाचीं स्वप्नें त्यांस घटकाभर रिझवीत, पण मागाहून मन कोरडें करीत. संतांप्रमाणें वागण्याचे विचार मात्र सरल्यावरही प्रसन्नता ठेवून जात. हा भेद ओळखण्याचे नियम पुढें त्यांनीं आपल्या आत्मसाधनेच्या ग्रंथांत घालून दिले. पॅरिस येथें १५३४ मध्यें ती साधना संत फ्रान्सिस झेवियर यांनीं केली.

झेवियर १५४२ मध्यें गोव्यास आले. १५४५ मध्यें, पूर्वेकडील बेटांत जावें कीं नाहीं, असा पेंच पडला असतां ते मैलापुरास प्रेषित संत थॉमस यांच्या समाधीपाशीं प्रार्थनेंत राहिले. मलाक्केस जाणें हीच ईश्वरेच्छा असल्याचें मोठ्या आंतरिक सांत्वनासह आपणांस उमगलें, असें त्यांनीं मे महिन्यांत पत्रानें कळविलें. जहाज न मिळाल्यास साध्या तराफ्यावरूनही निघण्याची तयारी दर्शविली. मलाक्का गांठावयास सप्टेंबर सरत आला. तथापि निश्चय ढळला नाहीं. खरें सांत्वन असें विलंबांतही टिकतें, आणि श्रद्धा, आशा व प्रीति वाढवून मनुष्यास सेवेस लावतें.

आपला चांदा धर्मप्रांतही संत थॉमस यांच्याच परंपरेंतला. १९६२ मध्यें येथें सिरो-मलबार मिशन स्थापन झालें, १९७७ मध्यें त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बल्लारपूरचें मुख्य मंदिरही त्याच प्रेषिताच्या नांवाचें आहे.

म्हणून, ज्या तरुणतरुणींस आज जीवनाची वाट निवडावयाची आहे, त्यांनीं उत्सवाच्या भरांत निर्णय घेऊं नये. मांडव उतरल्यावर काय उरलें, तें प्रार्थनेंत पाहावें आणि आपल्या धर्मगुरूंस सांगावें. आणि मन शुष्क झालें असतां पूर्वीं शांतचित्तानें केलेला निश्चय बदलूं नये, हा इग्नेशियसांचा नियम स्मरावा. नाल्यास पूर आला म्हणजे आपल्या रानांतला शहाणा वाटसरू कांठावर थांबतो. पण जावयाचें गांव विसरत नाहीं.

प्रभु येशू आपणां सर्वांस ही पारख देवो.