त्रिशंकू गिटारीची कैफियत

जुनी वाद्ये जमवणाऱ्या माणसाकडे आपण थोड्या थट्टेनेच पाहतो. घरात चार-पाच गिटारी बाळगून त्यांचे आवाज ताडून पाहणारा गृहस्थ रिकामटेकडा, असे आपण चटकन म्हणून टाकतो. आमचे मत निराळे आहे. इतिहासाचे साधन केवळ दप्तरातच सापडते असे नाही. रेझोनेटर गिटारीच्या पोटात एक अस्सल भांडण शाबूत आहे, आणि ते समजून घ्यायचे तर या गिटारी शेजारी शेजारी वाजवूनच पाहाव्या लागतात.

भांडण आहे लॉस एंजेलिस शहरातले. १९२० नंतरच्या त्या काळात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या गर्जनेपुढे बिचारी लाकडी गिटार कोणाला ऐकूच जात नसे. जॉर्ज बीचम हा रंगमंचावरचा वादक. गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी फिरवायची, ही हवाई बेटांची रीत त्याची. त्याने जॉन डोपियेरा या स्लोव्हाक कारागिराला गाठले व मोठ्या आवाजाची गिटार मागितली. डोपियेराने तारांची घोडी लाकडी तबकडीवर न ठेवता तिचा भार पातळ ॲल्युमिनियमच्या तीन शंकूंवर टाकला. प्रत्येक शंकू सुमारे सहा इंच रुंद, आणि अंग जर्मन सिल्व्हरचे. १९२७ मध्ये 'नॅशनल' कंपनीतर्फे ही गिटार बाजारात आली.

पुढे दोघांचे बिनसले. बीचमला साडेनऊ इंचांचा एकच शंकू हवा होता. करायला सोपा, विकायला स्वस्त. डोपियेराचा जीव तिहींवर. १९२८-२९ च्या सुमारास तो बाहेर पडला आणि भावांसह त्याने 'डोब्रो' काढली. डोपियेरा बंधू या नावाचा हा संक्षेप, आणि स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे चांगले. तिच्यात शंकू वाडग्यासारखा उताणा, त्याच्या कडेवर कोळ्यासारखी आठ पायांची बैठक, आणि अंग बहुधा लाकडाचे.

आता कान लावावा. एका शंकूची नॅशनल तार छेडताच खणकन बोलते आणि तितक्याच लवकर गप्प होते. डोब्रोचा स्वर किंचित नाकातला, पण ऊबदार. तीन शंकूंची मात्र आस टिकते; कांडी सरकत असता मींड तुटत नाही. हवाई बेटांहून आलेला सोल होओपिइ तिच्यावर का लुब्ध झाला, हे सतारीची मींड ऐकलेल्या श्रोत्याला समजावून सांगायला नको. याच जातीचा ताऊ मो हा कलावंत १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यास राहिला होता.

म्हणजे डोपियेरा बरोबर आणि बीचम चूक? इतके सोपे नाही. तीन शंकूंची गिटार सव्वाशे डॉलरांच्या घरात जाई. १९३० नंतरची पोलादी 'डुओलियन' तीस-बत्तीस डॉलरांत मिळे. मंदीच्या दिवसांत मिसिसिपीकडच्या निग्रो गायकांना परवडली ती हीच. सन हाउस किंवा बुका व्हाइट यांचे ब्लूज ऐकताना जो कोरडा, दणकट ठोका कानी पडतो, तो गोडव्याच्या हट्टातून निघाला नसता. माधुर्य डोपियेराने राखले, प्रसार बीचमच्या हिशेबाने झाला, असा आमचा निवाडा आहे.

गंमत अशी की, याच बीचमने १९३१ मध्ये विजेच्या गिटारीचा घाट घातला व पुढच्याच वर्षी ती विक्रीला आली. विजेपुढे शंकूंचे काय चालणार? १९४१ च्या सुमारास, युद्धकाळी, जुन्या नॅशनलचे उत्पादन थांबले. लाकूड आणि वीज यांच्या मध्ये लोंबकळत राहिलेल्या या वाद्याला त्रिशंकू म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

उरलेल्या थोड्या गिटारी आज संग्राहकांच्या हाती आहेत, आणि खरा पेच तेथेच आहे. तुलना न्यायाची व्हायची तर तारा एकाच जाडीच्या, जुळणी एक, खोली एक, हात एक, आणि ऐकणाऱ्याची पाठ वादकाकडे हवी. तरीही एक अडचण उरतेच. तारांच्या दाबाने शंकू वर्षानुवर्षांत दबतो, आवाज बसतो. नवा बसवला की वाद्य पुन्हा बोलू लागते; पण मग आपण १९२८ ची गिटार ऐकतो की कालची? खाडाखोड केलेल्या सनदेवर कोणता संशोधक भरवसा ठेवील? उलटपक्षी, बोलत नाही ते वाद्य कसले? वाजवणाऱ्याने नवा शंकू अवश्य घालावा, असे आम्हांस वाटते. मात्र काढलेला जुना शंकू मोडीत देऊ नये. तो कागदात गुंडाळून, बदलल्याची तारीख लिहून, गिटारीच्याच पेटीत ठेवावा. वजन काही फार नसते त्याचे.