कॅमेरा राहिला, फिल्म परतली

हॅसलब्लाड कॅमेऱ्याची कीर्ती बहुधा त्याच्या भिंगांवरून सांगितली जाते. आम्हांस मात्र त्याच्या दीर्घायुष्याचे मर्म पाठीमागच्या सुट्या पेटीत दिसते.

गोथेनबर्गच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४१ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, स्वीडनच्या हवाई दलासाठी कॅमेरा तयार केला. १९४८ मध्ये त्यांनी सामान्य ग्राहकांसाठी नवा कॅमेरा न्यूयॉर्क येथे सादर केला. भिंग, मधला सांगाडा आणि फिल्मची पेटी हे त्याचे तिन्ही भाग वेगळे होत. पण सांगाड्यातील पडद्याचे शटर नाजूक निघाले. १९५७ च्या ‘५०० सी’मध्ये शटर भिंगातच बसविले गेले आणि ही रचना स्थिरावली.

पेटीची शिस्त पाहण्यासारखी आहे. वन-ट्वेंटी फिल्मवर बारा चौरस चित्रे येतात. पेटी उतरविण्यापूर्वी धातूची पातळ पट्टी फिल्मपुढे सरकवावी लागते. पट्टी नसेल तर पेटी सुटत नाही. पट्टी आत असेल तर शटर चालत नाही. त्यामुळे अर्धी वापरलेली कृष्णधवल फिल्म सुरक्षित ठेवून रंगीत फिल्मची पेटी चढविता येते. कार्यभार सोपविण्याची रीत ज्यांनी सांभाळली आहे, त्यांस या दुहेरी बंधनाचे मोल निराळे सांगावयास नको.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या यात्रिकांनी याच घराण्यातील विद्युत्चलित कॅमेरा चंद्रभूमीवर वापरला. परतताना वजन वाचविण्यासाठी तो तेथेच ठेविला आणि फिल्मची पेटी तेवढी बरोबर आणली. साधनापेक्षा नोंद मोलाची, हा निवाडा तेथे प्रत्यक्ष कृतीने झाला.

१९९६ चा ‘५०३ सीडब्ल्यू’ हा फिल्मयुगाच्या उतरणीचा कॅमेरा. त्याच्याही शटरला बॅटरी लागत नसे. २००६ मध्ये जुन्या सांगाड्यांवर बसणारी डिजिटल पेटी कंपनीने काढली. तरीही मागणी ओसरतच गेली आणि २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

आम्हां परप्रांतस्थांच्या ट्रंकांतूनही वडीलधाऱ्यांच्या जुन्या निगेटिव्ह बदलीच्या गावोगाव फिरत असतात. ज्या कॅमेऱ्यांनी त्या टिपल्या ते बहुधा कधीच मोडीत निघाले. चंद्रावरून पेटी आणणाऱ्यांनी काय सोडावे आणि काय जपावे हे नेमके ओळखले होते. पुढच्या बदलीचे सामान बांधताना आम्हीही तेवढे ओळखावे.