कॅथलिक जीवनात बायबल वाचनाचे महत्त्व

कॅथलिक लोक बायबल वाचत नाहीत, ते फक्त चर्चमध्ये ऐकतात, असा समज आजही आढळतो. त्यामागे इतिहासातील खरी कारणे आहेत. मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चर्चची भूमिका बरीच बदलली असून, आज बायबल वाचन हे धर्मगुरूंइतकेच सामान्य श्रद्धावंतांचेही कर्तव्य मानले जाते.

कॅथलिक बायबलमध्ये किती पुस्तके असतात?

कॅथलिक बायबलमध्ये एकूण ७३ पुस्तके आहेत : जुन्या करारात ४६ आणि नव्या करारात २७. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात. टोबित, यहुदीथ, ज्ञानग्रंथ, सिराक, बारुख आणि मक्काबींची दोन पुस्तके ही सात पुस्तके, तसेच एस्तेर व दानिएल यांतील काही भाग त्यात नसतो. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये कॅथलिक यादीवर शिक्कामोर्तब केले. कॅथलिक वाचकाने बायबल विकत घेताना ही सात पुस्तके आहेत का, हे पाहावे. नाहीतर मिस्सामध्ये ऐकलेले एखादे वाचन घरच्या प्रतीत सापडणार नाही.

वाचनावर निर्बंध का आले?

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी बायबल लॅटिनमध्ये आणण्याचे काम हाती घेतले, तेव्हा लॅटिन ही पश्चिम युरोपातील लोकांची भाषा होती. पुढे लोकांच्या भाषा बदलल्या, पण चर्चमधले बायबल लॅटिनच राहिले. छापखाना येण्यापूर्वी हस्तलिखित प्रत महाग असे आणि बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. त्यामुळे चित्रे, नाटके आणि प्रवचने यांतूनच बायबल लोकांपर्यंत पोहोचे.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांच्या सुधारणा चळवळीनंतर चर्चने सावध पवित्रा घेतला. १५६४ च्या नियमानुसार लोकभाषेतील बायबल वाचण्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागे. १७५७ मध्ये हा नियम सैल झाला आणि मान्यताप्राप्त, टीपांसह छापलेली भाषांतरे वाचता येऊ लागली. तरीही बायबलपासून दूर राहण्याची सवय अनेक पिढ्या टिकली.

ओवीतून पोहोचलेले बायबल

याच काळात गोव्यात एक वेगळा प्रयोग झाला. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील आणि दुसऱ्या भागात येशूच्या जीवनातील कथा येतात. हे बायबलचे भाषांतर नव्हे, तर पुनर्कथन आहे. पण पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना बायबलमधील कथा आपल्या परिचयाच्या छंदात मिळाल्या.

व्हॅटिकन परिषदेने काय बदलले?

पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये आणि पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्ये बायबलच्या अभ्यासाला चालना दिली. निर्णायक वळण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दिले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत झालेल्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांसाठी बायबल खुले असावे आणि त्यांनी ते वारंवार वाचावे, असा आग्रह धरला. चर्च ख्रिस्तशरीराप्रमाणेच पवित्र शास्त्राचाही आदर करते, असेही त्यात म्हटले आहे.

मिस्साही लोकभाषेत होऊ लागली. १९६९ मध्ये नवी वाचनमाला आली. पूर्वी तीच वाचने दरवर्षी येत आणि रविवारी जुना करार क्वचितच ऐकू येई. आता रविवारी सहसा जुन्या करारातील वाचन, प्रतिसाद स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतील वाचन आणि शुभवर्तमान असा क्रम असतो. ही वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात : ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात वाचले जाते. ज्या सनाला ३ ने पूर्ण भाग जातो ते ‘क’ वर्ष असते. मात्र उपासना वर्ष आदल्या नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते.

ऐकणे पुरेसे का नाही?

मिस्सातील वाचन काही मिनिटांत संपते. मोठ्या कथेतला किंवा पत्रातला एखादाच तुकडा कानी पडतो आणि मागचा-पुढचा संदर्भ माहीत नसेल, तर तो निसटून जातो. बायबलमध्ये इतिहास, काव्य, दृष्टान्त, पत्रे असे अनेक साहित्यप्रकार आहेत. प्रत्येक ओळ एकाच पद्धतीने वाचली तर अर्थाचा अनर्थ होतो. म्हणूनच चर्च मूळ संदर्भ, परंपरा आणि चर्चची शिकवण यांच्या प्रकाशात वाचण्यास सांगते.

मराठी वाचकांसाठी वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ हा सोप्या भाषेतील अनुवाद केला. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

सुरुवात कशी करावी?

• सर्वांत लहान शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कच्या १६ अध्यायांपासून आरंभ करावा.
• रविवारची वाचने शनिवारी घरी एकदा वाचावीत.
• ‘लेक्तिओ दिव्हिना’ ही जुनी पद्धत वापरावी : सावकाश वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन.
• न समजलेला भाग लिहून ठेवून धर्मगुरूंना किंवा बायबल अभ्यासगटात विचारावा.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार ‘देवशब्दाचा रविवार’ म्हणून घोषित केला. हा रविवार जानेवारीच्या उत्तरार्धात येतो. वर्षातून एक दिवस बायबलचा सन्मान करून थांबावे, असा त्याचा हेतू नाही. घरातील बायबल शोभेसाठी फळीवर न राहता रोज उघडले जावे, ही त्यामागची अपेक्षा आहे.