सात डिसेंबरचा छोटा झेंडा



पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी आपल्या सर्वांच्या लक्षात आहेत. प्रभातफेरी, झेंडावंदन, खाऊ आणि मग घरी पळायचे. सात डिसेंबरला मात्र शाळा पूर्ण वेळ भरायची. वर्गशिक्षक कागदी झेंड्यांचा गठ्ठा आणि टाचण्यांची डबी घेऊन यायचे. आपण चार आणे द्यायचे आणि तो झेंडा सदऱ्याच्या खिशावर टोचून घ्यायचा. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे. अनुक्रमे भूदल, नौदल आणि हवाई दल. इतके पाठ असायचे. हा दिवस आला कुठून, हे पुस्तकात नव्हते. पुढे इतिहास वाचण्याची आवड लागली, म्हणून या स्मरणिकेसाठी तोच विषय निवडला.

लढाईत पडलेल्यांची आठवण ठेवण्याची आपली रीत फार जुनी आहे. महाराष्ट्रात गावोगावी मारुतीच्या देवळाजवळ किंवा वेशीवर वीरगळ दिसतात. त्यांच्या खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. गाव शेंदूर लावते, नारळ फोडते; पण तो कोण होता आणि त्याच्या मागे घरात कोण उरले, हे दगड सांगत नाही.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापार गेले आणि सत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. पुढे इंग्रजी अमलात तोच दिवस स्मृतिदिन ठरला. लाल पॉपीची कागदी फुले विकून सैनिकांसाठी पैसे जमवले जात. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणसे आपली होती. पण दिवस, फूल आणि सरकार परक्यांचे होते.

स्वातंत्र्यानंतर लगेच काश्मीरची लढाई झाली. पुन्हा विधवा, पुन्हा हातपाय गमावलेले जवान. आता त्यांची जबाबदारी आपल्याच सरकारवर आणि आपल्याच लोकांवर होती. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या समितीने दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचे ठरवले. छोटे झेंडे लोकांना द्यायचे आणि त्या बदल्यात देणगी घ्यायची, अशी पद्धत. युद्धात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांचे आणि जखमी जवानांचे पुनर्वसन, सेवेतल्या सैनिकांचे कल्याण आणि निवृत्त सैनिकांना पुन्हा उभे राहण्यास मदत, अशी तीन उद्दिष्टे ठरली. १९९३ साली असे वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला.

मला या दिवसाचे मोठेपण आणखी एका गोष्टीत वाटते. १६ डिसेंबर १९७१च्या विजयाचा आणि २६ जुलै कारगिलच्या विजयाचा. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. त्यांचे स्मरण व्हायलाच हवे. पण १९६२ साली चीनकडून आपला पराभव झाला. त्या युद्धात पडलेल्यांसाठी विजय दिवस कुठून असणार? १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेचे अकराशेहून अधिक जवान मरण पावले. त्या मोहिमेबद्दल कोणी फारसे बोलत नाही. जिंकलेल्या लढाईतला जवान आणि हरलेल्या लढाईतला जवान यांच्या आईचे दुःख मात्र सारखेच. ७ डिसेंबर कोणत्याही विजयाच्या तारखेला बांधलेला नाही, म्हणून तो या सर्वांचा आहे. आणि तो फक्त गेलेल्यांचा नाही, तर मागे राहिलेल्यांचाही आहे. वीरगळाने जे सांगायचे राहिले, ते या कागदी झेंड्याने सांगितले.

आपण घोटीकर सैन्याला तसे अनोळखी नाही. देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र आपल्याच लोहमार्गावर, काही स्टेशने पुढे. ताडपत्रीखाली झाकलेल्या तोफा घेऊन जाणाऱ्या मालगाड्या आपण फलाटावर उभे राहून मोजल्या आहेत. त्या गाड्यांतून हात हलवणारे जवान कुठे गेले, कोण परत आले, ते आपल्याला कधी कळले नाही. इगतपुरी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांतूनही मुले भरती होतात. सुट्टीवर आली की भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात उतरतात आणि सुट्टी संपली की बॅग उचलतात.

आज ध्वजदिन निधीला जिल्ह्याजिल्ह्यांना उद्दिष्ट ठरवून दिलेले असते. उद्दिष्ट पूर्ण झाले की कागदावर काम संपते. लहान मुलाच्या हातातले चार आणे कोणत्याही उद्दिष्टात मोठे नसतात. पण ते नाणे आईकडे मागताना कशासाठी, हे त्याला घरी सांगावे लागायचे. त्या निमित्ताने त्या दिवशी कितीतरी घरांत सैनिकाचा विषय निघायचा. निधीइतकेच ते महत्त्वाचे होते, असे मला वाटते.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण आज चांगल्या हुद्द्यावर आहेत. येत्या ७ डिसेंबरला आपल्या तुकडीच्या वतीने निधीत भर घालूच. त्याबरोबर शाळेच्या परवानगीने तालुक्यातल्या एखाद्या माजी सैनिकाला किंवा वीरपत्नीला मुलांसमोर बोलवू. भाषण नको, मुलांनी प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत. झेंडा टोचताना तो कोणासाठी, हे मुलांना ठाऊक असावे, एवढीच इच्छा.