दूरस्थ साक्ष : बोलींची पाहणी आणि संकेतस्थळाची पुनर्रचना

एखाद्या कंपनीने आपल्या संकेतस्थळाची पुनर्रचना हाती घेतली की ते वापरणाऱ्यांना एका ठिकाणी न बोलाविता, ते जेथे असतील तेथूनच त्यांच्या अडचणी जाणून घेण्याची रीत आता सर्वपरिचित झाली आहे. या रीतीच्या इतिहासात व्हर्जिनिया टेक येथील रेक्स हार्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधास आरंभीचे स्थान दिले जाते. संगणकांचे जाळे हा प्रयोगशाळेचाच विस्तार होय, अशी त्यांची मांडणी होती. तथापि दूरच्या माणसाची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न भाषाशास्त्राने त्यापूर्वी शंभर वर्षे हाताळलेला आहे. आणि त्याची जी उत्तरे तेथे निघाली, तीच येथे पुन्हा निघालेली दिसतात.

गेओर्ग वेंकर याने १८७६ साली ऱ्हाइनलँडमधील शाळामास्तरांकडे टपालाने काही वाक्ये पाठविली व ती गावच्या बोलीत उतरवून मागितली. पुढे ही पाहणी सर्व जर्मन साम्राज्यभर पसरली, वाक्यांची संख्या ४० वर स्थिरावली आणि चाळीस हजारांहून अधिक गावांतून उत्तरे आली. एवढा विस्तार कोणत्याही एका संशोधकाच्या पायांस झेपला नसता. परंतु मास्तरांनी उच्चार नेहमीच्या लिपीत, आपापल्या समजुतीप्रमाणे लिहिले. ध्वनींतील सूक्ष्म भेद तेथेच लोपले. फ्रान्समध्ये झ्यूल झिलिएराँने नेमका उलट मार्ग पत्करला. त्याने एद्मों एद्मों यास १८९७ ते १९०१ या काळात प्रत्यक्ष गावोगाव धाडले. एद्मोंने ६३९ ठिकाणी समक्ष प्रश्न विचारले आणि ऐकले तसे टिपले. गावे थोडी, पण प्रत्येक उत्तरामागे ऐकणारा कान होता. (आपल्याकडे ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाने बव्हंशी वेंकरचाच मार्ग धरला, १९०५ साली निघालेल्या त्याच्या मराठीवरील सातव्या खंडातील नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत जमलेले आहेत, हे तो खंड वापरताना विसरून चालत नाही.)

संकेतस्थळांच्या बाबतीत हाच द्वैतभाव दिसतो. एका प्रकारात संशोधक जाळ्यावरून वापरकर्त्याचा पडदा पाहत व त्याचे बोलणे ऐकत असतो. दुसऱ्यात वापरकर्ता एकटाच काम करतो आणि अडखळला तेथे स्वतः नोंद करतो. थोड्या प्रशिक्षणाने सामान्य वापरकर्ता अशी नोंद करू शकतो, असे हार्टसन यांच्याच गटाने १९९८ साली दाखविले. पुढे डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठातील अभ्यासकांनी २००७ साली या रीतींची प्रयोगशाळेशी तुलना केली. समकालिक दूरस्थ चाचणी प्रयोगशाळेच्या जवळजवळ बरोबरीची ठरली. एकट्याने केलेल्या नोंदींतून दोष कमी सापडले, मात्र परीक्षकाचे श्रमही वाचले. वेंकर आणि एद्मों यांच्यातील हिशेब तो हाच! हानी अंतरामुळे होत नाही. अडखळणाऱ्या माणसाजवळ त्या क्षणी ऐकणारा नसल्याने होते, असे माझे मत आहे.

आता पुनर्रचनेचे मर्म पाहू. कंपनीच्या संकेतस्थळावरील शीर्षके पुष्कळदा तिच्या अंतर्गत खात्यांची नावे असतात. ग्राहकास खाते ठाऊक नसते. त्याला आपले काम ठाऊक असते. जॉर्ज फर्नास प्रभृतींनी १९८७ साली दाखविले की एकाच वस्तूला दोन माणसे उत्स्फूर्तपणे तेच नाव देतील याची संभाव्यता ०.२० हूनही कमी असते. म्हणजे खातेप्रमुखाने कितीही विचारपूर्वक शब्द निवडला तरी बहुसंख्य लोक दुसऱ्याच शब्दाने ती गोष्ट शोधणार. एका वस्तूला अनेक पर्यायी नावे मान्य करावीत, हा त्यांचा उपाय बोलीभूगोलाच्या अभ्यासकास मुळीच नवा वाटणार नाही.

येथे दूरस्थ रीतीचे दोन्ही प्रकार लागतात. संकेतस्थळावरील शोधपेटीत लोकांनी लिहिलेले शब्द, किंवा विषयांच्या चिठ्ठ्या देऊन त्यांचे गट पाडावयास सांगितल्यावर शेकडो जणांनी केलेली वर्गवारी, हे वेंकरचे काम होय. कोणता शब्द किती जणांचा, ते त्यावरून कळते. पण ‘तक्रार’ची चिठ्ठी एकाने ‘सेवा’खाली व दुसऱ्याने ‘संपर्क’खाली का ठेवली, हे आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी आठदहा जणांशी तरी, दूरवरून का होईना, बोलावेच लागते, आणि चिठ्ठी उचलून पुन्हा खाली ठेवताना ते काय पुटपुटतात तेही टिपावे लागते.